चौथ्या नळाचं पाणी

आमच्या प्लांटवर तिला सगळे जंतूताई म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. शेजारच्या मोठ्या कारखान्याचं तेलकट सांडपाणी आमच्याकडे येतं, चार टाक्यांतून फिरतं आणि शेवटी नदीत सोडण्याइतकं साफ होतं. हे सगळं पंप करतात असं मी बाहेर सांगतो, कारण पंप माझ्या ताब्यात आहेत. खरं काम जंतूंचं, आणि जंतू तिच्या ताब्यात होते. टाकीवरचा फेस बघून ती सांगायची की आज हवा कमी पडतेय, आज थोडा युरिया हवाय, आज पोटं भरलीत, त्यांना त्रास देऊ नका.

त्या जंतूंतला मुख्य गडी म्हणजे स्यूडोमोनास. आमच्या माणसांच्या जिभेला ते नाव झेपेना, म्हणून त्यांनी त्याचं सूडोमोनास केलं आणि पुढे नुसतं सूडोबा. सकाळी कामावर आलं की "सूडोबा जेवले का?" असं एकमेकांना विचारायचं, ही आमची रीत.

एकदा चहा पिताना मी तिला त्या सूडोबाबद्दल विचारलं, तेव्हा तिने त्याचा अख्खा गोतावळा सांगितला.

"दोनशेच्या वर जाती आहेत, पंपकाका. आपल्याकडचा तेल खातो. एक पिकांच्या मुळांशी राहतो आणि बुरशीला फिरकू देत नाही, त्याची पावडर करून विकतात. एक फ्रिजमधलं दूध नासवतो. एकाच्या अंगावर पाणी लवकर गोठतं, त्याचा उपयोग करून डोंगरावर खेळायला खोटा बर्फ पाडतात."

"म्हणजे सगळं खानदान कामसू आहे."

"सगळं नाही. एक हिरवा असतो. तो भाजलेल्या जखमेत शिरतो, म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात शिरतो, डोळ्यात शिरतो. त्याला खायला काही लागत नाही, नुसतं पाणी पुरतं. जंतुनाशकाच्या बाटलीतसुद्धा तग धरतो. वास मात्र गोड, पिकून उतरलेल्या द्राक्षांसारखा." कप खाली ठेवून ती म्हणाली, "त्याच्यापायीच मी इथे घाणीत आले."

ती आधी औषधांच्या कारखान्यात होती. तिथे डोळ्याच्या ऑपरेशनला लागणारं निर्जंतुक पाणी बाटल्यांत भरत. बाटल्या सीलबंद करून मोठ्या बंद भांड्यात कडक वाफेवर ठेवायच्या, आणि मग वरून गार पाण्याचे फवारे मारून निववायच्या. बाटली निवताना आतून आकसते. झाकण केसभर जरी सैल असलं, तर ती बाहेरचं पाणी आत ओढून घेते. म्हणून ते फवाऱ्याचं पाणीही तितकंच शुद्ध लागतं. ते ज्या नळावर तपासायचं, त्याचा नंबर चार.

जंतूताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्यांनीच तिला काम शिकवलं होतं. पाण्यातले जंतू वाढवून बघायची काचेची प्लेट उजेडाकडे कशी धरायची, जंतूचा ठिपका आणि धुळीचा ठिपका यात फरक कसा करायचा, सगळं त्यांचं. एका सोमवारी चौथ्या नळाच्या प्लेटवर हिरवट ठिपके उठले. तिने झाकण उघडलं आणि तो गोड वास आला.

सरांनी प्लेट पाहिली. "तुझाच हात लागला असेल. ही फेक. नळ दहा मिनिटं सोडून ठेव आणि मग नमुना घे."

तिने तसं केलं. पाणी स्वच्छ आलं. पुढच्या दोन महिन्यांत असं आणखी दोनदा झालं. तीन प्लेटा तिने स्वतःच्या हाताने नष्ट केल्या आणि तीनदा रजिस्टरमध्ये 'स्वच्छ' लिहून सही केली.

तिसऱ्या वेळी मात्र तिने पाइपांचा माग काढला. चौथ्या नळाच्या मागे पूर्वी एक मशीन होतं. मशीन काढलं, पण त्याचा पाइप तसाच ठेवून तोंडाला बूच मारलं होतं. हातभर लांबीचा तुकडा, आणि त्यात वर्षानुवर्षं पाणी साचलेलं. नळ दहा मिनिटं सोडला की वाहतं पाणी साफ दिसायचं, आणि नळ बंद केला की त्या तुकड्यातून पुन्हा जंतू उतरायचे. तिने वहीत नकाशा काढला, तारखा घातल्या आणि सरांपुढे ठेवला.

"तो तुकडा कापायला लाइन चार दिवस बंद ठेवावी लागेल," सर म्हणाले. "मालकांना कोण सांगणार, तू?"

"सांगते."

तिला सांगू दिलं नाही. महिनाभरात तिला काढून टाकलं. सरांनी दाखल्यावर दोन शब्द लिहिले, 'कामात निष्काळजी'. तो दाखला बघून एकाही औषध कारखान्याने तिला दारात उभं केलं नाही. शेवटी आमच्याकडे आली. सांडपाण्याला दाखला लागत नाही.

मी तिला म्हटलं होतं, "गेलं ते गेलं, ताई. सोडून दे."

"सोडलंय की," ती म्हणाली. पण सोडलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. नऊ वर्षं झाली तरी ती त्या औषध कारखान्याच्या रस्त्याने जायची नाही, वळसा घालून यायची.

मग तिच्या दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

दादा शिंपी. आईवडील लवकर गेले, त्याने शिवणयंत्र चालवून हिचं शिक्षण केलं. सुईत दोरा ओवता येईना म्हणून तो ऑपरेशनला तयार झाला. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा असा ठणकू लागला की वहिनीने हिला प्लांटवर फोन केला. ही पोचली तेव्हा सिस्टर पट्टी बदलत होती. कापसावर हिरवट पू होता.

तिने सिस्टरच्या हातातून तो कापूस घेतला आणि नाकाशी नेला. वहिनीला वाटलं हिला वेड लागलं.

त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या सात जणांचे डोळे बिघडले होते. तिघांचे औषधाने वाचले. चौघांचे काढावे लागले, त्यात दादाचा. ऑपरेशनला वापरलेल्या पाण्याच्या बाटलीवर कोणत्या कारखान्याची चिठ्ठी होती, हे तिने बघितलं ते फक्त खात्री करायला.

त्या दिवसापासून तिच्या बोलण्यात एक फरक पडला. नऊ वर्षं ती रागानेसुद्धा 'ते सर' म्हणायची. आता 'तो' म्हणायला लागली.

पुढचे आठ दिवस ती कामावर आली, पण माझ्याशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी पंपाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पंपकाका, तो चष्मा लावत नाही. डोळ्यात भिंगं घालतो. ती भिंगं डबीत पाण्यात ठेवतो, आणि डबी टेबलावर असते. गेली कित्येक वर्षं त्याच जागी असणार."

मी पाना खाली ठेवला.

"माझ्याकडे दादाच्या पट्टीचा तुकडा आहे. त्यातून मी तो जंतू वाढवलाय. एक थेंब पुरेल."

"कुठे आहे तो?"

"होता. आज सकाळी उकळून टाकला."

मी सुटकेचा श्वास टाकला, तशी ती माझ्याकडे रागाने बघायला लागली. "माझ्या चांगुलपणाचं कौतुक नका करू. त्याचा डोळा गेला असता, तर लोक त्याला बिचारा म्हणाले असते. मला तो बिचारा व्हायला नकोय. लोकांनी त्याच्याकडे बघून थुंकावं, असं मला हवंय. आणि ते त्याने दोन्ही डोळ्यांनी बघावं."

मग ती कामाला लागली. असं काम मी तिला टाक्यांवरही करताना पाहिलं नव्हतं.

आधी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. ते स्वतःच घाबरलेले होते, कारण खापर त्यांच्याच डोक्यावर फुटणार होतं. त्यांच्या सिस्टरने त्याच घाण्यातल्या, म्हणजे एकाच वेळी भरलेल्या, बाटल्यांचं एक बंद खोकं कपाटात कुलपात ठेवलं होतं. डॉक्टरांनी सही केली, खोकं सरकारी प्रयोगशाळेत गेलं. चाळीस बाटल्यांपैकी सहांत हिरवा जंतू निघाला. चौघांच्या डोळ्यांत निघालेल्या जंतूशी त्याची ओळख पटवली, ती जुळली.

कारखान्याने हात वर केले. बाटल्या इस्पितळात नीट ठेवल्या नसतील, आमच्याकडून माल स्वच्छच गेला होता, रजिस्टर बघा. रजिस्टरमध्ये नऊ वर्षं सलग 'स्वच्छ' लिहिलेलं होतं.

तेव्हा ती वही घेऊन औषध निरीक्षकांकडे गेली. निरीक्षक शांत, हळू बोलणारा माणूस. त्यांनी नकाशा पाहिला, तारखा पाहिल्या आणि विचारलं, "या तीन नोंदींखाली सही कोणाची आहे?"

"माझी."

"हे तुम्ही लेखी दिलंत तर तुमच्यावरही येईल."

"म्हणूनच लेखी आणलंय," ती म्हणाली. चार पानांचा जबाब तिने घरूनच लिहून नेला होता. पहिल्या पानावर तिचं स्वतःचं नाव आणि तीन प्लेटांच्या तारखा. सरांचं नाव दुसऱ्या पानावर.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकांनी तिला जागा दाखवायला बरोबर नेलं. पुढचं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे, पण तिने इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे असल्यासारखं मला दिसतं.

सर दारात उभे होते. केस पांढरे झाले होते. तिला बघून ते दचकले नाहीत, उलट हसले. "या. सगळे नळ तपासा. हवं ते घ्या." नळ चकचकीत होते. आदल्या आठवड्यात सगळी लाइन उकळत्या पाण्याने आणि औषधाने धुऊन काढली होती हे तिने वासावरून ओळखलं. नमुने घेतले तरी स्वच्छ येणार हे तिला माहीत होतं. तिने नळांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चौथ्या नळामागच्या भिंतीशी गेली.

भिंतीवर नव्या पांढऱ्या फरश्या होत्या.

"इथे मागे पाइप आहे," ती निरीक्षकांना म्हणाली.

"इथे भिंत आहे," सर म्हणाले. "दिसतेय ना भिंत?"

ती बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवत गेली. पाच भरीव वाजल्या, सहावी पोकळ. निरीक्षकांनी कारखान्याच्याच फिटरला बोलावलं. त्याने सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली नाही. निरीक्षक म्हणाले, "मी सांगतोय, फोडा."

फरशी फुटली. आत पाइपचा तुकडा होता, बुचासकट, नकाशात होता तिथेच. करवतीने कापला तेव्हा आधी थोडं पाणी आलं, मग शेंबडासारखा हिरवट-तपकिरी गोळा घसरत बाहेर पडला. त्या गोळ्याच्या आतपर्यंत ना उकळतं पाणी पोचलं होतं, ना औषध. वर्षानुवर्षं जंतूंनी स्वतःभोवती ते चिकट घर बांधलं होतं. गोड वास खोलीभर पसरला. फिटरने नाकाला रुमाल लावला.

निरीक्षक बाटलीत नमुना भरत होते तेव्हा सर तिच्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "प्लेटा तूही फेकल्या होत्यास. विसरू नकोस. मी बुडालो तर तुला घेऊन बुडेन."

"तीन फेकल्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तारखा दिल्यात मी. तुम्ही किती फेकल्यात त्या तुम्ही सांगा."

तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ती मला म्हणाली, "पंपकाका, नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं. त्याच्या हातातलं शेवटचं पान मी आधीच टेबलावर टाकलं होतं. कसलं गार वाटलं, काय सांगू."

खटला दोन वर्षं चालला. एकही तारीख तिने चुकवली नाही. मी दोनचारदा बरोबर गेलो. ती नेहमी अशा बाकावर बसायची की सरांनी मान वर केली की समोर तीच दिसेल. एकदा सरांच्या बायकोने बाहेर गाठून हात जोडले, म्हणाली, त्यांना रक्तदाब आहे, तुम्ही दोन शब्द बरे बोललात तर शिक्षा कमी होईल. हिने तिचे हात धरून खाली केले. "तुमचा माझ्यावर काही अपराध नाही. पण त्यांच्यासाठी माझ्याकडे बरे शब्द नाहीत. दाखल्यावर त्यांनी दोनच लिहिले होते, तेवढेसुद्धा नाहीत."

सरांना तीन वर्षांची कैद झाली. मालक सुटले. तांत्रिक गोष्टींतलं मला काही ठाऊक नव्हतं, असं त्यांनी कानांवर हात ठेवून सांगितलं आणि कोर्टाला ते पटलं. जंतूताईवर पाच वर्षं कुठल्याही तपासणी अहवालावर सही करायची बंदी आली. आमच्या साहेबांनी तिला ठेवून घेतलं, पण सही दुसऱ्याची, आणि ती टाकीवरची कामगार.

सूड घेतल्यावर माणूस आतून रिकामा होतो असं मी ऐकलं होतं. तसं मी तिला विचारलंही. "छे," ती म्हणाली. "मी घरी जाऊन पोटभर जेवले. कित्येक महिन्यांनी गाढ झोपले."

पण एक गोष्ट तिने केली नव्हती. निरीक्षकांना सांगितलं, कोर्टाला सांगितलं, मला सांगितलं, दादाला मात्र त्या तीन प्लेटांबद्दल सांगितलं नव्हतं. दादाला ते निकालाच्या दिवशी कोर्टात, न्यायाधीशांच्या तोंडून कळलं. बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच त्याने विचारलं. मी शेजारी होतो.

"तीन प्लेटा म्हणजे काय गं?"

तिने सांगितलं. तो एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मी सांगायला गेले होते, दादा. त्यांनी मला काढलं."

"काढल्यावर नऊ वर्षं होती की. तेव्हा जायचं होतंस या निरीक्षकाकडे. तेव्हा डोळे दुसऱ्यांचे होते, म्हणून नाही गेलीस ना? तुझ्या भावाचा गेला तेव्हा वही सापडली."

दादा वहिनीचा हात धरून पायऱ्या उतरला. त्यानंतर त्याच्या घरचं दार तिच्यासाठी बंद झालं.

दुसरी कुणी असती तर महिनाभर रडली असती. ही पुन्हा कोर्टात गेली. कारखान्यातून जप्त केलेली कागदांची पोती तिथे पडून होती. खटला त्या एका घाण्याच्या बाटल्यांपुरता होता, म्हणून बाकीचं कुणी वाचलंच नव्हतं. तिने अर्ज केला, परवानगी मिळवली आणि सुट्टीच्या दिवसांत बसून एकेक कागद वाचला. चौथ्या आठवड्यात तिला पत्रं सापडली. नऊ वर्षांत वेगवेगळ्या इस्पितळांनी कारखान्याला लिहिलेली, तुमच्या बाटल्यांबद्दल शंका आहे अशी. अकरा रोग्यांची नावं होती. आणि दर पत्राच्या कोपऱ्यात मालकांच्या हातचं एकच वाक्य, 'वाचले, उत्तर देऊ नये', खाली सही.

त्या दिवशी प्लांटवर येऊन तिने मला ती सही दाखवली. "हा म्हणाला होता, मला काही ठाऊक नव्हतं." तिचे डोळे असे चमकत होते की मला तिची थोडी भीती वाटली.

सरकारी वकील म्हणाले, नुसती पत्रं पुरणार नाहीत, ती माणसं उभी राहायला हवीत. म्हणून ती अकरा दारं शोधत फिरली. दोन माणसं वारली होती. एका बाईने तीन प्लेटांचं ऐकल्यावर तिच्या तोंडावर दार आपटलं. ती प्रत्येक ठिकाणी आधी प्लेटांचंच सांगायची, मग पाइपचं. मी म्हटलं, "उलटं सांग, निदान आत तरी घेतील." ती म्हणाली, "दादाला आधी पाइपचंच सांगितलं होतं, काका."

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे मी तिच्याबरोबर गेलो होतो. उजवा डोळा सहा वर्षांपूर्वी गेला, आणि त्याबरोबर धंदा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग आत हाक मारली. बायको हात पुसत बाहेर आली.

"हिला परत सांग," तो जंतूताईला म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

तिने परत सांगितलं. बाई भिंतीला टेकून उभी होती.

"डॉक्टर तर म्हणाले होते, यांनी डोळा चोळला असेल," ती म्हणाली. "म्हणजे यांनी चोळला नव्हता?"

"नाही. बाटलीतूनच आलं."

बाई खाली बसली. सहा वर्षं ती नवऱ्याला त्या चोळण्यावरून बोलत आली होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने टेबलाचा खण उघडला, पेन काढलं आणि सही कुठे करायची ते विचारलं.

मालकांविरुद्धच्या अर्जावर आठ सह्या झाल्या. दादाकडे ती स्वतः गेली नाही, अर्ज वकिलांच्या हाती पाठवला. त्यावर दादाची सही होऊन तो परत आला. बरोबर निरोप काही नव्हता.

मालकांना समन्स निघालं. पहिल्या तारखेला ते मोठ्या वकिलांसह आले आणि आरोपीच्या जागी उभे राहिले. दादा बाकाच्या एका टोकाला बसला होता, जंतूताई दुसऱ्या टोकाला. मधे घड्याळवाला, त्याची बायको आणि बाकीचे. दादा तिच्याशी अजून बोलत नाही. न्यायाधीशांनी पहिलं पत्र वाचायला घेतलं तेव्हा मात्र दोघंही एकाच वेळी पुढे सरकून बसले आणि मालकांच्या तोंडाकडे बघायला लागले.